उपचारांसाठी निधी उभारताना: आवाहनाआधीच्या तयारीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

गंभीर आजाराचं निदान झालं की एकदोन दिवसांतच कोणीतरी मोबाइलवर मदतीचं आवाहन टाकतं. हेतू चांगलाच असतो. पण त्या घाईत तीन प्रश्न मागे राहतात: नेमके किती पैसे लागणार, ते कोणाच्या खात्यात जमा होणार, आणि उरले किंवा कमी पडले तर काय करायचं. पुढे जे वाद होतात, संशय घेतले जातात, बिलं अडकतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या प्रश्नात असतं. आवाहन लिहिणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. म्हणून या लेखात तो बराच उशिरा येतो.

आधी रुग्णाला विचारा

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर परवानगी त्याचीच हवी, नातेवाइकांची पुरेशी नाही. लहान मूल असेल तर पालकांची, रुग्ण बेशुद्ध असेल तर कायद्याने जवळची ठरणारी व्यक्ती. परवानगी लेखी घ्या. एका पानावर चार गोष्टी येऊ द्या: कोणती माहिती जाहीर करायची, कोणते फोटो वापरायचे, पैसे कोण सांभाळणार, आणि शिल्लक रकमेचं काय होणार.

आजाराचं नाव सांगायचंच असं नाही. 'मोठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर सहा महिने औषधोपचार' एवढंही चालतं, मात्र पडताळणीसाठी कागद हवेत. काही आजारांचं नाव बाहेर गेलं की नोकरीवर, लग्नावर, शेजारपाजारच्या वागण्यावर परिणाम होतो, आणि इंटरनेटवर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. आज आठ वर्षांच्या असलेल्या मुलाचा नळ्या लावलेला फोटो तो अठरा वर्षांचा होईल तेव्हाही सापडेल, हे पालकांना स्पष्ट सांगा. निर्णय त्यांचा, पण तो माहिती असताना घेतलेला असावा.

याच बैठकीत आणखी एक पत्र लिहून घ्या: 'अमुक व्यक्तीला माझ्या उपचारांची आणि बिलाची माहिती देण्यास हरकत नाही.' ते रुग्णालयाच्या बिलिंग विभागात देऊन ठेवा. याविना रुग्णालय गोपनीयतेमुळे तोंड उघडणार नाही, आणि पडताळणीसाठी फोन करणाऱ्या देणगीदाराला 'आम्ही काही सांगू शकत नाही' असं उत्तर मिळालं की त्याला सगळंच बनाव वाटू लागतं.

आकडा काढणं

रुग्णालयाकडून लेखी एस्टिमेट मागा. लेटरहेडवर, तारखेसह, सही-शिक्क्यासह. तोंडी आकड्यावर निधी उभारू नका. एस्टिमेट हातात आलं की त्यात काय आहे यापेक्षा काय *नाही* हे आधी बघा. साधारणपणे खोली, शस्त्रक्रिया, भूल, ऑपरेशन थिएटर आणि ठरावीक दिवसांची औषधं धरलेली असतात. इम्प्लांट, रक्त आणि रक्तघटक, बाहेरून करायच्या तपासण्या, महागडी अँटिबायोटिक्स, आयसीयूतले वाढीव दिवस हे पुष्कळदा वेगळे असतात. विचारायचे प्रश्न असे:

- हा पॅकेजचा दर आहे की जसा खर्च होईल तसं बिल?
- सगळं सुरळीत झालं तर किती, गुंतागुंत झाली तर किती?
- डिपॉझिट किती, मधली बिलं किती दिवसांनी, आणि पैसे उशिरा आले तर उपचार थांबतात का?
- घरी सोडल्यावर पहिल्या सहा महिन्यांची औषधं आणि तपासण्या किती?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. अवयव प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायची औषधं सहसा आयुष्यभर चालतात. निधी शस्त्रक्रियेपुरताच उभारला तर चार महिन्यांनी पुन्हा त्याच लोकांपुढे हात पसरावे लागतात, आणि दुसऱ्या वेळी प्रतिसाद पहिल्यासारखा नसतो.

आता एक नमुना हिशेब. चलन कोणतंही असो. एस्टिमेट ८ ते १० लाखांचं आहे. वरचा आकडा धरा: १० लाख. विम्याने लेखी मंजूर केलेले ३ लाख, रुग्णालयाची सवलत १ लाख, कुटुंबाची स्वतःची रक्कम १ लाख. तूट उरली ५ लाख. प्रवास, सोबतच्या माणसाची राहण्याची सोय आणि घरी गेल्यावरची औषधं मिळून १ लाख. झाले ६ लाख. त्यावर १५ टक्के राखीव, म्हणजे ९० हजार. एकूण गरज ६,९०,०००.

इथे एक चूक नेहमी होते. देणगी गोळा करणारा प्लॅटफॉर्म आणि पेमेंट कंपनी मिळून ५ टक्के कापत असतील, तर लोक ६,९०,००० वर ५ टक्के चढवतात. पण कपात जमलेल्या पूर्ण रकमेवर होते, म्हणून गरजेला ०.९५ ने भागायचं: ७,२६,३१६. हेच जाहीर लक्ष्य. 'शून्य शुल्क' लिहिलेलं असलं तरी बारीक अक्षरं वाचा. गोफंडमी या देणगी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाने अमेरिकेत वैयक्तिक मोहिमांवरचं स्वतःचं ५ टक्के शुल्क २०१७ मध्ये काढलं, पण पेमेंट प्रक्रियेची कपात राहिलीच, आणि देणगीदारापुढे प्लॅटफॉर्मसाठी 'टिप'चा पर्याय येतो. अशी टिप काही ठिकाणी आधीच भरलेली असते आणि ती शून्य करता येते, हे देणगीदारांना सांगून ठेवा. नाहीतर 'तुमच्या मोहिमेने जास्तीचे पैसे कापले' ही तक्रार तुमच्याकडे येते.

लक्ष्य फार मोठं असेल तर टप्पे पाडा: पहिला टप्पा डिपॉझिट आणि शस्त्रक्रिया, दुसरा पुढचे उपचार. राखीव किती आणि का, हेही उघड लिहा. लपवलेलं राखीव पुढे संशयाचं कारण होतं.

लोकांकडे जाण्याआधीचे दरवाजे

वैद्यकीय समाजसेवक हे पद बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत असतं. पहिली भेट त्यांची घ्या. सवलतीचे अर्ज, धर्मादाय निधी, सरकारी योजना, औषध कंपन्यांचे रुग्ण-साहाय्य कार्यक्रम यांतलं इथे काय लागू होतं हे त्यांना माहीत असतं. डॉक्टरांना हेही विचारा की लिहून दिलेल्या औषधाला जेनेरिक (तोच घटक असलेलं, ब्रँडशिवायचं) किंवा बायोसिमिलर (जैविक औषधाशी जवळपास सारखं) असा पर्याय आहे का. काही औषधांत एवढ्या एका प्रश्नाने लक्ष्य निम्म्यावर येतं.

दोन गोष्टींत घाई नडते. एक, अनेक योजना उपचार सुरू होण्याआधी नोंदणी मागतात, नंतर भरपाई देत नाहीत. म्हणजे आधी पैसे भरून टाकले तर हक्काची मदत हातची जाते. दोन, उत्पन्न किंवा मालमत्ता पाहून दिल्या जाणाऱ्या सरकारी मदतीत रुग्णाच्या खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम मोजली जाऊ शकते आणि चालू असलेली मदत बंद पडू शकते. रुग्णाला अशी मदत मिळत असेल तर त्याच्या स्वतःच्या खात्यात एक पैही जमा करण्याआधी संबंधित कार्यालयात विचारा.

आणि उपचार कोणता आहे तेही बघा. 'दुसऱ्या देशात एक खास थेरपी आहे' असं सांगून मोठ्या रकमा उभारल्या जातात, आणि त्या थेरपीला कुठल्याच नियामक संस्थेची मान्यता नसते. उपचार प्रायोगिक असेल तर लक्षात ठेवा: रीतसर क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचणीत, प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडून सहसा पैसे घेत नाहीत. घेत असतील तर त्याच विषयातल्या दुसऱ्या, त्या केंद्राशी संबंध नसलेल्या डॉक्टरांचं लेखी मत आल्याशिवाय तुमचं नाव त्या आवाहनाखाली जाऊ देऊ नका.

माणसं

तीन ते पाच जणांची समिती पुरे. एक समन्वयक, एक खजिनदार, एक रुग्णालय आणि कुटुंबाशी बोलणारा. उरलेले लिहिणं, फोन करणं, आभार मानणं सांभाळतील. रुग्णाची सतत शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला यात ओढू नका. तिला दिवसाला वीस फोन घ्यायला लावणं ही मदत नव्हे. खजिनदार कुटुंबाबाहेरचा असेल तर उत्तम, आणि समन्वयक व खजिनदार ही एकच व्यक्ती कधीही नसावी.

पैसा कोणाच्या खात्यात

पर्याय चार आहेत, पसंतीच्या क्रमाने.

पहिला, थेट रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह. देणगीदाराचा विश्वास सर्वात जास्त इथेच बसतो. अडचण एवढीच की रुग्णालयाबाहेरचे खर्च यातून भागत नाहीत, आणि देणगीदाराने क्रमांक लिहिला नाही तर रक्कम कोणाची हे शोधण्यात दिवस जातात.

दुसरा, नोंदणीकृत संस्था. तिच्याशी लेखी ठरवा: या रुग्णाच्या नावे वेगळा हिशेब, प्रशासकीय कपात किती, बिल दिल्यावर पैसे किती दिवसांत.

तिसरा, क्राउडफंडिंग प्लॅटफॉर्म. पैसे हातात यायला पडताळणी धरून काही कामकाजाचे दिवस लागतात, त्यात सुट्ट्या मोजल्या जात नाहीत. सोमवारी डिपॉझिट भरायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी 'पैसे काढा' दाबून उपयोग नाही. ओळखपत्र, बँकेचा पुरावा आणि एस्टिमेट मोहीम सुरू करतानाच अपलोड करून पडताळणी उरकून घ्या.

चौथा, स्वतंत्र बँक खातं, दोन सह्यांचं. ते उघडताना कारण बँकेला लेखी कळवा. शांत असलेल्या खात्यात दोन दिवसांत शेकडो अनोळखी लोकांकडून रकमा येऊ लागल्या की बँकेच्या यंत्रणेला ते संशयास्पद दिसतं आणि खातं गोठवलं जाऊ शकतं. नेमकं बिलाच्या दिवशी हे झालं की हातात काहीच उरत नाही.

कोणाचं तरी नेहमीचं बचत खातं हा पाचवा पर्याय नाही. पगार, कर्जाचा हप्ता आणि देणग्या एकाच पासबुकात आल्या की प्रामाणिक माणसालाही हिशेब सिद्ध करता येत नाही.

व्यक्तीला दिलेल्या अशा मदतीवर देणगीदाराला करसवलत बहुतेक ठिकाणी मिळत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच मिळते. त्यामुळे आवाहनात तसं आश्वासन देऊ नका. मिळालेल्या रकमेवर कर लागतो का आणि परदेशातून पैसे घेता येतात का, हे सुरुवातीलाच हिशेब तपासनिसाला विचारून घ्या.

आवाहन

अडीचशे-तीनशे शब्द. सुरुवातीच्या तीन वाक्यांत कोण, काय झालं, किती हवे, कधीपर्यंत. त्यानंतर उपचारांची योजना, खर्चाची फोड, आतापर्यंत कुठून किती मिळाले, पैसे कुठे जमतील, उरले तर काय, आणि पडताळणीसाठी कोणाशी बोलायचं. कुटुंबाने स्वतः किती घातले हे लिहायला संकोच करू नका. वाचणाऱ्याच्या मनात तो प्रश्न असतोच.

'चोवीस तासांत पैसे न मिळाल्यास...' असली वाक्यं खरी असतील तरच वापरा. चोवीस तास उलटतात, रुग्ण सुदैवाने ठीक असतो, आणि लोकांचा विश्वास मात्र गेलेला असतो. फोटो एकच घ्या, शक्यतो आजारापूर्वीचा. एस्टिमेट जोडताना घरचा पत्ता, ओळखपत्रांचे क्रमांक, जन्मतारीख झाका. नुसतं ब्लर करू नका, काळी पट्टी टाका आणि नवा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवा.

प्रत्येक मजकुरावर तारीख आणि मुदत हवीच: 'हे आवाहन अमुक तारखेपर्यंत लागू.' तारीख नसलेले संदेश वर्षानुवर्षं फिरत राहतात. रुग्ण बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो, आणि अनोळखी माणसं कुटुंबाला फोन करत असतात.

नक्कल हा त्याहून मोठा धोका. तुमचाच फोटो आणि मजकूर उचलून त्याखाली स्वतःचा क्यूआर कोड चिकटवणं दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून फिरणाऱ्या चित्रात क्यूआर कोड घालू नका. एकच अधिकृत पान ठेवा, सगळीकडे त्याचीच लिंक द्या, आणि खातेधारकाचं नाव ठळक लिहा: 'पैसे पाठवण्याआधी पडद्यावर हेच नाव दिसतंय का बघा.' पडताळणीसाठी रुग्णालयाचा नंबर संदेशातून न घेता रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून घ्यायला सांगा. खऱ्या मोहिमेला यात अडचण नसते.

मागण्याचा क्रम

आवाहन पहिल्याच दिवशी सगळीकडे सोडणं ही नवख्यांची नेहमीची चूक. रिकामी मोहीम पाहून अनोळखी माणूस पुढे जातो; जवळच्यांनीच दिले नाहीत तर मी का, असं त्याला वाटतं. आधी चार-पाच दिवस गाजावाजा न करता काम करा. रुग्णाचे नातेवाईक, मित्र, सहकारी, जुने वर्गमित्र अशी पन्नास ते शंभर नावांची यादी करा आणि प्रत्येक नावासमोर फोन कोण करणार ते लिहा. लक्ष्याच्या वीस-तीस टक्के रक्कम इथून जमली की मगच जाहीर करा.

फोनवर आकडा सांगा. 'जमेल तेवढं दे' म्हटलं की समोरचा गोंधळतो आणि विचार करून कळवतो म्हणतो. 'आम्हाला अशा वीस जणांची गरज आहे, तू त्यातला एक होशील का?' याला हो किंवा नाही असं उत्तर येतं. नाही आलं तर तिथेच थांबा. त्या माणसाकडे रक्तदान, गाडी किंवा रुग्णालयात एक रात्र सोबत असणं मागता येतं, आणि ते पैशाइतकंच कामाचं असतं. उरलेली औषधं मात्र कोणाकडूनही घेऊ नका: साठवण कशी झाली ते कळत नाही, आणि एकाला लिहून दिलेलं दुसऱ्याला देणं धोक्याचं.

ग्रुपवर एकच मजकूर रोज टाकला की लोक ग्रुप म्यूट करतात. तीन-चार दिवसांनी, नवीन सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहा: डिपॉझिट भरलं, शस्त्रक्रियेची तारीख ठरली, इतके उरले. आभार चोवीस तासांच्या आत, नावानिशी.

कार्यक्रम करायचा असेल तर

संगीताची संध्याकाळ, चालण्याचा उपक्रम, सामने, वस्तूंची विक्री, लिलाव, काहीही असो, नीट करायला सहा ते आठ आठवडे लागतात. पैसे पंधरा दिवसांत हवे असतील तर कार्यक्रमाचा विचारच सोडा. तो लांबणाऱ्या उपचारांसाठी, दुसऱ्या टप्प्यासाठी ठीक.

खर्च अपेक्षित जमेच्या पाव भागाच्या वर जात असेल तर गणित बिघडलं. सभागृह, ध्वनिव्यवस्था, छपाई यांना प्रायोजक मिळवा आणि तिकिटाचा पैसा शक्यतो पूर्ण उपचारांकडे जाऊ द्या. अपेक्षित प्रेक्षकांच्या साठ टक्केच येतील असं धरून हिशेब करा. जागेची परवानगी, ध्वनिक्षेपक, अग्निसुरक्षा, संगीताचे हक्क, अपघात विमा यांची यादी पहिल्याच आठवड्यात करा. सोडत किंवा बक्षीस योजना सहज सुचते, पण अनेक ठिकाणी ती कायद्याने लॉटरी ठरते आणि परवान्याशिवाय गुन्हा होतो.

तिकिटं क्रमांकित छापा. कोणाला कुठले क्रमांक दिले याची वही ठेवा. छापलेली वजा परत आलेली म्हणजे विकलेली, आणि तेवढ्याचे पैसे जुळायलाच हवेत. दानपेट्या सीलबंद आणि क्रमांकित असाव्यात. त्या दोघांनी मिळून उघडायच्या, नोटांच्या मूल्यानुसार कागद भरायचा, दोघांनी सही करायची, आणि बँकेच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण रक्कम भरायची. त्या रोख रकमेतून मंडपवाल्याचे पैसे चुकते करू नका. जमा वेगळी, खर्च वेगळा.

देणं आणि लिहिणं

रक्कम रुग्णालयाला, औषधांच्या दुकानाला, प्रयोगशाळेला थेट द्यायची, बिलाच्या बदल्यात. कुटुंबाच्या हाती रोख जात असेल तर दरमहा किती आणि कशासाठी हे लेखी ठरवून, पावतीवर सही घेऊनच. साधं स्प्रेडशीट चालतं. जमेकडे तारीख, पावती क्रमांक, नाव, कोणत्या मार्गाने, मूळ रक्कम, कपात, निव्वळ. खर्चाकडे तारीख, बिल क्रमांक, कोणाला, कशासाठी, रक्कम, बिलाचा फोटो. आठवड्यातून एकदा बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवा, आणि जुळवणारा खजिनदार नसावा. आकडे जाहीर करा. देणगीदारांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय नाही.

अंतिम बिल आल्यावर ओळ अन् ओळ वाचा. एकच तपासणी दोनदा, न वापरलेल्या साहित्याचे पैसे, परत केलेल्या औषधांची वजावट नसणं असे घोळ सापडतात. नम्रपणे लेखी विचारा, दुरुस्ती होते.

अर्ध्यावर अडलं तर

पैसे कमी पडले तर तसं उघड सांगा. मुदतीच्या दहा दिवस आधी बिलिंग विभागाकडे हप्ते आणि सवलतीचा अर्ज द्या, आणि उपचारांचा क्रम बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा. उपचारच बदलले, तर नवं एस्टिमेट घेऊन लक्ष्य वर किंवा खाली करा आणि कारण लिहा.

नातेवाइकांत पैशांवरून दोन गट पडले तर समितीने कोणाची बाजू घेऊ नये. रुग्णाने सही केलेला सुरुवातीचा कागद दाखवावा, एवढंच.

रुग्ण गेला, तर त्याच दिवशी मोहीम थांबवा, देणग्या घेणं बंद करा. आधी रुग्णालयाची थकबाकी, मग अंत्यविधीसारखे खर्च, आणि तेही आवाहनात तशी तरतूद लिहिली असेल तरच. बाकीच्या रकमेचं काय करायचं हे आवाहनात आधीच लिहिलेलं असेल तर दुःखात बुडालेल्या घरात ही चर्चा करावी लागत नाही. रुग्ण बरा होऊन पैसे उरले तर क्रम असा ठेवता येतो: वर्षभराच्या तपासण्या आणि औषधांसाठी रक्कम बाजूला, उरलेली त्याच रुग्णालयाच्या गरजू रुग्णांच्या निधीला, किंवा परत मागणाऱ्या देणगीदाराला.

बंद करताना

शेवटच्या बिलानंतर पंधरा दिवसांत एक पानी हिशेब जाहीर करा: एकूण जमा, कपात, खर्चाची फोड, शिल्लक, ती कुठे गेली. प्लॅटफॉर्मवरची मोहीम बंद करा, अधिकृत पानावर 'निधी संकलन अमुक तारखेला थांबवलं आहे' असं लिहून पान तसंच राहू द्या, म्हणजे जुना संदेश कोणाच्या हाती लागला तरी त्याला उत्तर मिळेल. खातं असेल तर शून्य करून बंद करा आणि बँकेचं पत्र घ्या. बिलं, पावत्या, स्टेटमेंट यांचा एक संच खजिनदाराकडे आणि एक कुटुंबाकडे, करविषयक कागद जितकी वर्षं ठेवायचा नियम असेल तितकी वर्षं. रुग्णाचे वैद्यकीय कागद आणि फोटो मात्र समितीतल्या प्रत्येकाने आपापल्या फोनमधून काढून टाकावेत, बॅकअपमधूनही.